सांगलीत बसून गेमसाठी जगभरातून पैसे जमवायचे तर

गेम तयार करायला आता मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. सांगलीच्या विश्रामबागेतली एक खोली, दोन कॉम्प्युटर, बरं इंटरनेट आणि शिकायची चिकाटी एवढ्यावर काम सुरू होतं. गोडोसारखं गेम इंजिन, म्हणजे गेम बांधायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, त्रिमितीय चित्रांसाठी ब्लेंडर फुकट मिळतं, शिकवणारे व्हिडिओही हवे तेवढे आहेत. गाडी अडते ती पैशापाशी. दोघांनी नोकरी सोडून वर्ष-दीड वर्ष एका गेमला द्यायचं, तर तेवढे दिवस घर कशावर चालणार? बँक तारण मागते. प्रकाशक कंपन्या अर्धाअधिक तयार गेम मागतात. घरचे काही दिवस सांभाळून घेतात आणि मग बोलायला लागतात.

अशा वेळी कुणीतरी क्राउडफंडिंगचं, म्हणजे अनेकांकडून थोडे थोडे पैसे जमवण्याचं, नाव काढतं. कल्पना चांगलीच आहे, पण तिच्याबद्दलचा समज बहुतेकदा चुकीचा असतो. वेबसाइटवर पेज टाकायचं, व्हिडिओ लावायचा, लिंक सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवायची आणि पैसे यायची वाट पाहायची, असं अनेकांना वाटतं. या समजुतीपायी चांगले गेम पहिल्याच आठवड्यात थंडावतात, म्हणून हा विषय नीट उलगडून सांगावासा वाटतो. मोहीम महिनाभर चालते आणि पैसेही त्याच महिन्यात जमा होतात, पण ते मिळवायचं काम त्याआधीच्या सहा-आठ महिन्यांत झालेलं असतं. आपण आधी किती माणसं जोडली होती, एवढंच मोहिमेच्या महिन्यात समोर येतं.

क्राउडफंडिंग म्हणजे नेमकं काय

वस्तू तयार होण्याआधीच ती ज्यांना हवी आहे, त्यांनी थोडे थोडे पैसे आगाऊ देऊन ती तयार करवून घ्यायची. पैसे देणाऱ्याला बॅकर म्हणतात. बदल्यात त्याला गेमची प्रत, गेमच्या श्रेयनामावलीत नाव, संगीताची फाइल, चित्रांचं पुस्तक असं काहीतरी मिळतं. त्याला रिवॉर्ड म्हणतात. बॅकरला नफ्यात वाटा नसतो आणि त्याच्या पैशांवर व्याजही नसतं.

ही व्यवस्था सांगलीकराला परकी वाटायचं कारण नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिलं मराठी नाटक केलं, ते सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं. १८५१ साली राजेसाहेब वारले, आश्रय सुटला आणि भाव्यांची मंडळी गावोगाव फिरून तिकिटं लावून खेळ करू लागली. एका धन्याऐवजी शेकडो प्रेक्षकांनी कलेचा खर्च उचलायचा, ही गोष्ट तेव्हाच घडून गेली. क्राउडफंडिंगमध्ये फक्त तिकीट खेळाच्या आधी, तालमी चालू असतानाच विकलं जातं. प्रेक्षकाचा त्यातला धोका अर्थातच मोठा असतो. त्यानं तो का पत्करावा, याचं उत्तर देण्याला प्रचार म्हणतात.

या क्षेत्रात सर्वांत जास्त नाव आहे किकस्टार्टरचं. ते २००९ साली अमेरिकेत सुरू झालं. तिथला मुख्य नियम असा: ठरवलेली रक्कम मुदतीत पूर्ण जमली तरच पैसे मिळतात. एक रुपया कमी पडला तरी कुणाच्याच कार्डावरून काही कापलं जात नाही. मुदत जास्तीत जास्त ६० दिवसांची असते, पण बहुतेक जण ३० दिवसच ठेवतात आणि ते बरोबर आहे. लांबलेल्या मोहिमेत घाई कुणालाच वाटत नाही.

हा नियम नवख्याला क्रूर वाटतो. मला तो न्यायाचा वाटतो. सहा लाखांची गरज असताना हातात सव्वा लाख आले, तर गेम पुरा होत नाही आणि शेकडो लोकांचं देणं मात्र डोक्यावर बसतं.

भारतातली अडचण आधी समजून घ्या

किकस्टार्टरवर मोहीम सुरू करता येणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. आपण इथून पैसे देऊ शकतो, मागू शकत नाही. त्यासाठी यादीतल्या देशात राहणारा, तिथलं ओळखपत्र आणि बँक खातं असलेला माणूस किंवा तिथली कंपनी लागते. काही भारतीय टीममध्ये असा भागीदार असतो. नुसतं कुणा नातेवाइकाचं खातं वापरून वेळ मारून नेऊ नये. पैसे त्याचं उत्पन्न म्हणून नोंदले जातात, त्यावर तिथला कर बसतो आणि ते भारतात आणताना कागद लागतात. आधी लेखी करार करावा आणि परकीय व्यवहारांची माहिती असलेल्या सीएशी बोलून घ्यावं. सांगलीत हळद आणि बेदाणा परदेशी पाठवणारे व्यापारी आहेत, त्यांच्या सीएंना हे कागद अनोळखी नसतात.

केट्टो, मिलाप ही नावं आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत ती मुख्यतः दवाखान्याच्या खर्चाच्या आवाहनांमुळे. तिथे येणारा माणूस मदत करायला येतो, गेम घ्यायला येत नाही. म्हणून काही जण आपल्याच वेबसाइटवर पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घ्यायची सोय) लावून आगाऊ विक्री करतात. त्यात मोकळीक जास्त असते, पण रक्कम जमली नाही तर प्रत्येकाचे पैसे परत करायची जबाबदारी पूर्णपणे आपली राहते.

शब्दही जपून वापरावेत. ‘गुंतवा, दुप्पट मिळवा’, ‘नफ्यात भागीदार व्हा’ असलं काही पोस्टरवर लिहिलं तर ते क्राउडफंडिंग राहत नाही. लोकांकडून परताव्याचं आश्वासन देऊन पैसे घेणं २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं, आणि खासगी कंपनीला जाहिरात करून शेअर विकता येत नाहीत. परदेशातून ‘देणगी’ म्हणून पैसे घेणं हा तर वेगळ्या कायद्याचा विषय आहे. आपण गेमची प्रत विकतो आहोत, हे पेजवर स्वच्छ लिहिलेलं असावं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे मुद्दाम सांगावी लागते. ‘गेम’ म्हटलं की घराघरात रमी आणि पैज लावायची अॅप आठवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हापासून ही गल्लत आणखी वाढली आहे. एकदाच विकत घ्यायचा, घरी बसून खेळायचा, पैज नसलेला गेम ही वेगळी वस्तू आहे. स्थानिक पत्रकाराशी बोलताना हे पहिल्या दोन वाक्यांत सांगावं, नाहीतर बातमीचा मथळा भलताच येतो.

पैसे ओळखीला मिळतात

मोठी उदाहरणं पाहिली की एक गोष्ट वारंवार दिसते. फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या डबल फाइन या स्टुडिओनं ४ लाख डॉलर मागितले आणि त्यांना ८७ हजारांवर लोकांकडून ३३ लाखांहून जास्त डॉलर मिळाले. दाखवायला गेम नव्हताच. पण टिम शेफर हे त्यांचे प्रमुख वीसेक वर्षं गाजलेले गेम करत आले होते. लोकांनी पैसे दिले ते त्या माणसाला.

ज्याचं एवढं नाव नाही त्यानं काय करायचं? २०१३ साली टोबी फॉक्स या तरुणानं अंडरटेल या गेमसाठी फक्त ५ हजार डॉलर मागितले. मोहिमेच्या महिनाभर आधी त्यानं खेळता येईल असा डेमो लोकांसमोर ठेवला होता. एका लोकप्रिय वेबकॉमिकसाठी त्यानं आधी संगीत केलं होतं, त्यामुळे त्याला ओळखणारे थोडेफार वाचक होतेच. त्याला ५१ हजारांवर डॉलर मिळाले आणि गेम सप्टेंबर २०१५ मध्ये आला. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या टीम चेरीनं हॉलो नाइटसाठी ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले आणि ५७ हजार मिळवले. मोहिमेच्या पेजवर गेमची चालती दृश्यं होती, हातानं काढलेल्या किड्यांच्या जगाची. काय मिळणार आहे ते पाहणाऱ्याला एका नजरेत कळत होतं.

म्हणजे नाव नसेल तर कामाची ओळख व्हायला हवी. ती कशी करून द्यायची, ते एका कल्पित उदाहरणानं बघू.

मिरजेच्या गल्लीतला एक गेम

समजा, दोन मुलं मिरजेच्या तंतुवाद्यांवर गेम बनवत आहेत. खेळणारा एका कारागिराच्या दुकानात उमेदवारी करतो. कडू भोपळा निवडायचा, तो वाळवायचा, कापायचा, गळा जोडायचा, खुंट्या बसवायच्या आणि शेवटी जवारी काढायची. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते, तिचा माथा कानशीनं हलके हलके घासून तारेला झणत्कार आणायचा, याला जवारी काढणं म्हणतात. कान तयार असावा लागतो. थोडं कमी घासलं तर आवाज बोदा राहतो, जास्त घासलं तर तार चिरकते.

आता प्रचाराचा पहिला तुकडा काय असावा? दोघांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहून ‘आम्ही मिरजेचे, आमचं स्वप्न’ असं सांगणं नक्कीच नव्हे. पंधरा सेकंदांची चित्रफीत पुरे. पडद्यावर घोडी जवळून दिसते. तार छेडली जाते, आवाज दबका. कानशीचे तीन हात. पुन्हा छेडतात, अजून दबका. तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा धागा सरकतो, केसभर पुढे, आणि एकाएकी अख्खी खोली भरून जाईल असा सूर उमटतो. एका शब्दाचीही गरज नाही. नॉर्वेतल्या माणसालाही कळतं की या गेममध्ये ऐकून काहीतरी जुळवायचं आहे आणि जुळलं की असा आनंद होतो. ट्रेलरमध्येही हाच क्रम ठेवावा. आधी कंपनीचं चिन्ह, मग काळ्या पडद्यावर कथेची प्रस्तावना, मग ढग, असं नमनालाच घडाभर तेल गेलं तर बघणारा तिसऱ्या सेकंदाला निघून जातो.

हा तुकडा कुणापुढे न्यायचा, यावर खरा विचार व्हायला हवा. पहिलं उत्तर सुचतं ते ‘गेम खेळणारे’. पण ते कोट्यवधी आहेत आणि त्यांच्यापुढे रोज डझनावारी नवे गेम येतात. या गेमचे पहिले चाहते दुसरीकडे सापडतील: सतार शिकणारे, तंबोऱ्यावर रियाज करणारे, वाद्यदुरुस्तीचे व्हिडिओ पाहणारे, हस्तकलेवरचे शांत गेम आवडणारे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, त्यांची कबर इथेच आहे आणि मीरासाहेब दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा होते. किराणा घराण्याचे श्रोते जगभर आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. या साऱ्यामुळे परदेशातल्या सतारशिक्षकाला लिहिलेल्या पत्रात सांगण्यासारखं काही असतं. अशी पत्रं एकेकाला, नावानं, त्यांचं काम पाहून लिहावीत. सगळ्यांना एकच मजकूर पाठवला तर ते लगेच ओळखू येतं.

ज्या कारागिराचे हात, दुकान आणि आवाज आपण वापरतो त्याची लेखी परवानगी, मानधन आणि श्रेय आधी ठरवावं. मोहीम सुरू झाल्यावर ‘आमचा फोटो न विचारता वापरला’ असं कुणी म्हणालं, तर जमवलेला विश्वास एका दुपारी जातो, आणि माणसालाही दुखावलेलं असतं.

आधीचे सहा महिने

रोज नव्यानं लोकांना शोधत बसण्यापेक्षा, एकदा आलेला माणूस पुन्हा गाठता येईल अशी सोय आधी करावी. इन्स्टाग्रामच्या रीलला दोन लाख लोक भेटले तरी त्यातल्या कुणाचाही पत्ता आपल्याकडे राहत नाही. म्हणून तीन गोष्टी लागतात. पहिली, स्टीमवर गेमचं पान. पीसी गेमची ही सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. एका गेमच्या नोंदणीला १०० डॉलर लागतात आणि विक्री १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. तिथे लोक गेम ‘विशलिस्ट’मध्ये टाकतात आणि गेम आला की स्टीम त्यांना कळवतं. दुसरी, ईमेलची यादी. ती आपली स्वतःची असते, कुठल्या कंपनीच्या मर्जीवर चालत नाही. तिसरी, किकस्टार्टरचं मोहिमेआधीचं पान, त्यावर ‘सुरू झालं की कळवा’ असं बटण असतं.

डेमो या सगळ्याच्या आधी हवा. वीस मिनिटांचाच असो, पण घोटून तयार केलेला. स्टीमवर नेक्स्ट फेस्ट नावाचा डेमोंचा उत्सव वर्षातून तीनदा होतो, त्यात भाग घ्यावा. इच डॉट आयओ या वेबसाइटवर डेमो फुकट ठेवता येतो. यूट्यूबवर गेम खेळून दाखवणाऱ्यांना डेमो पाठवताना मोठ्या नावांच्या मागे लागण्यापेक्षा, ज्याचे पाच-सात हजारच प्रेक्षक आहेत पण जो अशाच प्रकारचे गेम मनापासून खेळतो, त्याला गाठावं. तो उत्तर देतो, आणि त्याचे प्रेक्षक त्याचं ऐकतात.

आता हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. गेम पुरा करायला हातात ६ लाख रुपये हवेत. किकस्टार्टर ५ टक्के घेतं आणि कार्डाच्या व्यवहाराचा खर्च वेगळा, मिळून १० टक्के धरा. काही कार्डं शेवटी नाकारली जातात, त्याचे २ टक्के. रिवॉर्डवर ६० हजार. म्हणजे ध्येय साडेसात लाखांचं हवं: ७५ हजार शुल्क, १५ हजार बुडालेले, ६० हजार रिवॉर्ड, उरले ६ लाख. कर त्यानंतर. सरासरी बॅकर दीड हजार देतो असं धरलं तर ५०० बॅकर लागतात. पेजवर सहज आलेल्या १०० जणांतले दोघे पैसे देतात असं धरलं, तर ३० दिवसांत २५ हजार माणसं पेजवर आणावी लागतील. सांगलीत बसून, जाहिरातीला पैसे नसताना, हे जवळपास अशक्य आहे. पण ‘सुरू झालं की कळवा’ दाबून आधीच १,२५० जण थांबले असतील आणि त्यातले १०० पैकी २० जण पैसे देत असतील, तर २५० बॅकर तिथेच मिळाले. उरलेल्या २५० साठी साडेबारा हजार माणसं पुरतात. आधीच्या सहा महिन्यांची किंमत एवढी आहे. थांबलेले १,२५० नसून दीडशेच असतील, तर मोहीम पुढे ढकलावी. तारीख जाहीर करून बसलो म्हणून उडी मारू नये.

मोहिमेचे तीस दिवस

पैसे सगळे दिवस सारखे येत नाहीत. पहिल्या दोन-तीन दिवसांत पूर येतो, मग मधले दोन-तीन आठवडे ओहोटी लागते आणि शेवटच्या दोन दिवसांत पुन्हा भर येतो, कारण ज्यांनी पेज जपून ठेवलंय त्यांना किकस्टार्टर ४८ तास आधी आठवण करतं.

पहिला दिवस मात्र निर्णायक असतो. गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन निघालेली पोरं आधी ओळखीच्या दुकानदाराकडे जातात, त्याची ५०१ ची पावती पहिल्या पानावर फाडतात आणि मग बाकीची पेठ फिरतात. कोरं पुस्तक पाहून कुणी पैसे काढत नाही. तसंच इथे. म्हणून आपल्या माणसांना पहिल्याच दिवशी, ठरलेल्या तासाला पैसे द्यायला सांगून ठेवावं. ‘देईन की नंतर’ म्हणणाऱ्या मामांचे दोन हजार विसाव्या दिवशी आले, तर त्यांचा निम्मा उपयोग गेलेला असतो.

मामांच्या कार्डाचीही तयारी करून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे आपल्याकडच्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंद असतो, तो बँकेच्या अॅपमध्ये जाऊन चालू करावा लागतो. शिवाय किकस्टार्टर पैसे लगेच कापत नाही, मोहीम यशस्वी झाल्यावर कापतं. तोवर व्यवहार पुन्हा बंद केला असेल किंवा खात्यात पैसे नसतील, तर व्यवहार नाकारला जातो.

वेळेचंही पाहावं. सांगलीत संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये ऋतूप्रमाणे सकाळचे नऊ किंवा दहा झालेले असतात. सुरुवात करायला ही वेळ चांगली. पुढचे चार-पाच तास प्रश्नांना उत्तरं देत जागंच राहावं लागतं. आणि नदीकाठी राहणाऱ्यांनी जुलै-ऑगस्ट टाळलेले बरे. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको. वीज आणि इंटरनेट चार दिवस गेलं, तर मोहीम चालवणार कोण?

ओहोटीच्या दिवसांत ‘अजून पैसे द्या’ असं रोज लिहू नये. त्याऐवजी दर तीन-चार दिवसांनी दाखवण्यासारखं काहीतरी दाखवावं: भोपळा कापायचा नवा टप्पा, तारांचं ध्वनिमुद्रण कसं केलं, खेळणाऱ्यांच्या सूचनेवरून काय बदललं. बॅकर तेच पुढे पाठवतात. चित्रांसाठी किंवा संगीतासाठी एआय वापरलं असेल तर ते पेजवर सांगणं किकस्टार्टरनं २०२३ पासून बंधनकारक केलंय. लपवून ते राहतही नाही, आणि कळल्यावर लोक फार चिडतात.

रिवॉर्ड शक्यतो डिजिटलच ठेवावेत. स्टीमच्या की, म्हणजे गेम मिळवून देणारे कोड, तयार करायला पैसे लागत नाहीत, संगीताची फाइल पाठवायला टपालखर्च येत नाही. टी-शर्ट, मूर्ती, छापील पुस्तक हे दिसायला छान, पण मापं, पॅकिंग, कुरिअर, परदेशातलं सीमाशुल्क यात जीव जातो. अमेरिकेनं ऑगस्ट २०२५ मध्ये ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी काढून टाकली, तेव्हापासून तिथे लहानसं पार्सल पाठवणंही महाग आणि किचकट झालंय.

स्ट्रेच गोलबद्दल मला फार कळकळीनं सांगावंसं वाटतं. ध्येय ओलांडल्यावर ‘एवढे जास्त मिळाले तर हेही देऊ’ अशी आश्वासनं देतात, ती ही. उत्साहाच्या भरात ती सुचतात आणि पुढे वर्षं खातात. २०१३ च्या शॉव्हेल नाइटनं ७५ हजार डॉलर मागून ३ लाख ११ हजार मिळवले आणि गेम २०१४ मध्ये दिला. पण जास्तीची म्हणून कबूल केलेली प्रकरणं पुरी व्हायला डिसेंबर २०१९ उजाडलं. हॉलो नाइटमध्ये दुसरं पात्र घेऊन खेळता येईल, हाही असाच वाढीव शब्द होता. ते पात्र वाढत वाढत स्वतंत्र गेम झालं आणि सिल्कसाँग या नावानं सप्टेंबर २०२५ मध्ये आलं. या दोन्ही टीमना मूळ गेमच्या विक्रीनं तारलं, म्हणून त्या शब्द पाळू शकल्या. दोन माणसांच्या टीमनं असं एकही आश्वासन देऊ नये, असं माझं मत आहे. जास्तीचे पैसे आले तर तोच गेम अधिक नीट करावा आणि तसंच लिहावं.

तारखेच्या बाबतीतही तसंच. एथन मॉलिक या संशोधकाच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किकस्टार्टरवरच्या तीन चतुर्थांशांहून जास्त प्रकल्पांनी दिलेली तारीख चुकवल्याचं दिसलं. लोकांना उशिराचा राग कमी येतो, गप्प बसण्याचा जास्त येतो. मायटी नंबर ९ या गेमला २०१३ मध्ये ३८ लाख डॉलर मिळाले. एप्रिल २०१५ ची तारीख पुन्हा पुन्हा पुढे जात गेम जून २०१६ मध्ये आला आणि आला तो निराश करणारा. ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं, तेच सर्वांत जास्त चिडले होते. म्हणून मनात धरलेल्या तारखेत सहा महिने मिळवून मगच पेजवर लिहावी आणि गेम होईपर्यंत महिन्यातून एकदा, काम झालेलं असो वा रखडलेलं, बॅकरना कळवत राहावं.

रक्कम नाही जमली तर

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सनं राजी या गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर मोहीम केली होती. रक्कम जमली नाही. पण त्या निमित्तानं गेमचं नाव आणि डेमो दूरवर पोचले, टीमनं काम सोडलं नाही आणि २०२० मध्ये गेम आधी निन्टेंडो स्विचवर, मग पीसी आणि इतर कन्सोलवर आला. पहाडी शैलीच्या चित्रांवर बेतलेलं त्याचं रूप जगभर वाखाणलं गेलं.

तेव्हा मोहीम फसतेय असं शेवटच्या आठवड्यात दिसलं, तरी पेज वाऱ्यावर सोडू नये. ज्यांनी पैसे द्यायची तयारी दाखवली त्यांना मुदत संपल्यावरही अपडेट पाठवता येतो. त्यात तीन गोष्टी लिहाव्यात: कुणाच्याही कार्डावरून पैसे गेलेले नाहीत, गेमचं काम चालू आहे की थांबलंय, आणि पुढची खबर हवी असेल तर नाव कुठे नोंदवायचं. स्टीमच्या पानाचा आणि ईमेल यादीचा दुवा तिथेच, पहिल्या चार ओळींत द्यावा. पुढच्या वेळी कमी रक्कम मागायची असेल, तर सुरुवात याच नावांपासून होते.